रॅम्प, दोन स्वच्छतागृहं आणि एक फेडरल ग्रँट

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या मागच्या दाराला रॅम्प झाला, व्हीलचेअर आत नेऊन वळवता येईल अशी दोन स्वच्छतागृहं झाली, आणि या कामासाठी ९० हजार डॉलर फेडरल ग्रँटमधून, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानातून, आले. विषय निघाला सप्टेंबर २०२३ मध्ये, शेवटची तपासणी झाली सप्टेंबर २०२५ मध्ये. संस्थेची खजिनदार मी, त्यामुळे कागदपत्रांचा बराचसा भार माझ्याकडे होता. अमेरिकेत मराठी शाळा, मंडळं, अन्नदानाचे उपक्रम, ज्येष्ठांचे गट चालवणारी आपली माणसं गावोगावी आहेत. 'सरकारी ग्रँट आपल्यासारख्यांना कोण देणार?' हे त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलंय. मिळते, मराठी माणसांच्या छोट्या संस्थेलाही मिळते. पण पैसा कुठून कुठे जातो, कुठे अडतो आणि मध्ये किती थांबावं लागतं हे आधी माहीत असेल तर माणूस धीर सोडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची इमारत १९५८ सालची, बैठी, संस्थेच्या मालकीची. येणाऱ्यांत निम्मे भारतीय, म्हणजे मराठी, गुजराती, तेलुगू. बाकीचे पोर्तो रिकोचे, पोलंडचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहिलेले कृष्णवर्णीय आजी-आजोबा. मागच्या दाराला सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या होत्या आणि स्वच्छतागृहाचं दार होतं सव्वीस इंच रुंद. रोज पत्ते खेळायला येणाऱ्या आमच्या एक मावशी पायाच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअरवर यायला लागल्या. दोघांनी खुर्ची उचलून पायऱ्या चढवता यायच्या, पण स्वच्छतागृहात ती जाईना. मावशी मग सकाळपासून पाणी न पिता यायच्या आणि बारा वाजले की घरी निघायच्या. काही आठवड्यांनी त्यांचं येणंच थांबलं.

अपंगांसाठीच्या अमेरिकन कायद्याची मापं आर्किटेक्टने आम्हाला कागदावर काढून दाखवली. दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी जागा हवी, आत खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ हवं, आणि रॅम्पला एक इंच उंचीमागे किमान एक फूट लांबी हवी. आमची उंची एकवीस इंच, म्हणजे एकवीस फुटांचा रॅम्प, शिवाय वर-खाली सपाट जागा. खर्चाचा अंदाज आला १ लाख २६ हजार डॉलर. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या देणग्यांतून उभी राहण्यासारखी ही रक्कम नव्हती.

नोव्हेंबरमध्ये शहराच्या संकेतस्थळावर सूचना आली की कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटसाठी संस्थांकडून अर्ज मागवले आहेत. टाउन हॉलमधल्या माहिती-बैठकीला हजेरी सक्तीची होती. न येणाऱ्यांचा अर्ज घेतलाच जाणार नव्हता. तिथे पहिल्यांदा या पैशाचा प्रवास कळला. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून आधीच्या बऱ्याच वेगवेगळ्या योजना एकत्र केल्या आणि ही ग्रँट सुरू झाली. पैसा येतो केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याकडून, ज्याला इथे सगळे 'हड' म्हणतात. पण हड आमच्यासारख्या संस्थेकडे बघतही नाही. लोकसंख्या, गरिबी, घरातली दाटी, जुन्या घरांचं प्रमाण अशा निकषांच्या सूत्राने ते शहरांना, मोठ्या काउंटींना (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) आणि राज्यांना वाटा ठरवून देतं. त्या वाट्यातून रस्त्याच्या कडेचा फुटपाथ करायचा, गरीब घरमालकाचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं, की कुणाचा रॅम्प बांधायचा, हे ठरतं शहरात. फेडरल म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे वॉशिंग्टन येत होतं. निर्णय मात्र होणार होता ज्या खोलीत आम्ही पार्किंगच्या तक्रारी घेऊन जायचो तिथेच.

आमच्या शहराचा वाटा वर्षाला साधारण साडेसात लाख डॉलर. ऐकायला मोठा वाटतो. पण त्यातले जास्तीत जास्त २० टक्के प्रशासन आणि नियोजनासाठी, आणि सेवांसाठी, म्हणजे जेवण, शिकवणी, समुपदेशन अशा कामांसाठी, जास्तीत जास्त १५ टक्के, अशी कायद्याने मर्यादा आहे. आमच्या शहरात सेवांसाठी उरतात फार तर १ लाख साडेबारा हजार, आणि त्यावर फूड पँट्रीपासून शाळेनंतरच्या वर्गांपर्यंत सगळ्यांची नजर. आमच्या कार्यकारिणीत आधी 'दुपारच्या जेवणासाठी मागू' असा सूर होता. हे आकडे बघितल्यावर बांधकामासाठी मागायचं ठरलं, कारण ते १५ टक्क्यांच्या मर्यादेत येत नाही. तुमच्या मनात काही असेल तर ते 'सेवा' आहे की 'सुविधा' हे आधी ठरवा. स्पर्धा त्यावर फार बदलते.

दुसरी अट अशी की काम मुख्यतः कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगाचं असावं. परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याच्या, ८० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना यात धरतात. काही गटांना मात्र उत्पन्नाचे पुरावे न मागता पात्र मानलं जातं. ज्येष्ठ नागरिक त्यात आहेत, तसेच गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, बेघर, घरगुती अत्याचाराला तोंड दिलेल्या व्यक्ती. त्यामुळे आम्हाला कुणाची टॅक्सची कागदपत्रं मागावी लागली नाहीत, फक्त जन्मतारखा लागल्या.

त्या जन्मतारखांची गंमत सांगायलाच हवी. शहराच्या ग्रँट विभागातल्या बाईंनी यादी बघून मला फोन केला. आवाज गंभीर होता. म्हणाल्या, "यातल्या इतक्या लोकांचा वाढदिवस १ जूनला कसा? यादी भरताना खालचे रकाने आपोआप कॉपी झालेत का?" मी त्यांना सांगितलं की या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख घरी लिहिलेलीच नव्हती. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मास्तर प्रवेशाच्या वेळी १ जून टाकायचे, आणि मग तीच तारीख दाखल्यावर, पासपोर्टवर, ग्रीन कार्डावर येत गेली. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हे मला दोन ओळींत लिहून द्या, फाइलला लावते, उद्या ऑडिटर हाच प्रश्न विचारेल. अशा बाबतीत स्पष्टीकरण आधीच लिहून जोडलेलं बरं.

त्याच फॉर्मवर वंशाची आणि वयाची माहिती भरायची होती, आणि काही काका-मावशी सही करायला तयार होईनात. मुलांनी बोलावून आणलेले, ग्रीन कार्डावरचे. 'सरकारी मदतीच्या कागदावर सही केली तर पुढे नागरिकत्वात अडचण येईल' ही भीती. खोटं आश्वासन द्यायचं नव्हतं, म्हणून आम्ही एका इमिग्रेशन वकिलांना केंद्रात बोलावलं. तेव्हाच्या नियमांत रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं याच गोष्टी मोजल्या जातात, केंद्राचा रॅम्प वापरणं नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. तरी दोघांनी सही केली नाही. आम्ही आग्रह धरला नाही, त्यांना यादीतून वगळलं आणि पत्ते खेळायला नेहमीसारखं बोलावलं.

अर्जाची मुदत होती जानेवारी २०२४ ची शेवटची तारीख. जोडायची कागदपत्रं: करमुक्त संस्थेचं आयआरएसचं (केंद्राच्या कर खात्याचं) पत्र, घटना, कार्यकारिणीची यादी, इमारतीचं खरेदीखत, विम्याचे दाखले, खर्चाचा अंदाज, हितसंबंध नसल्याचं प्रत्येकाचं निवेदन आणि हिशेबांचा सीपीएने (परवानाधारक हिशेबनीसाने) दिलेला आढावा. सीपीएला २,८०० डॉलर द्यावे लागले. अर्ज फेटाळला गेला असता तर ते गेलेच असते, ही तयारी ठेवा. आर्किटेक्टने पहिले नकाशे निम्म्या दरात केले.

आणि एक गोष्ट, जिथे बरेच जण अडकतात. फेडरल पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला यूईआय नावाचा बारा अक्षरी क्रमांक लागतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाच्या जागी हा आला. तो सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतो आणि पूर्णपणे फुकट आहे. नोंदणीनंतर 'तुमची नोंदणी संपतेय, ५९९ डॉलर भरा' अशा छापाच्या ईमेल येतात, अगदी सरकारी वाटाव्यात अशा. त्यांना एक पैसाही देऊ नका. संस्थेचं नाव आणि पत्ता राज्याच्या नोंदणीत, आयआरएसच्या पत्रात आणि इथे अक्षरशः सारखा हवा. एकीकडे 'स्ट्रीट' पूर्ण आणि दुसरीकडे त्याचं लघुरूप एवढ्यावरही पडताळणी आठवडे रेंगाळू शकते. हे काम अर्ज जाहीर व्हायच्या आधीच करून ठेवा.

डिसेंबरमध्ये, म्हणजे अर्ज भरण्याच्या मधल्या काळात, शहराने 'गरजा काय आहेत' यावर जाहीर सुनावणी घेतली होती. वर्षात किमान दोन सुनावण्या घेणं शहरांवर बंधनकारक आहे. थंडी मरणाची होती, तरी केंद्रातले ज्येष्ठ दोन गाड्या भरून आले. सभागृहात आमच्याशिवाय मोजकीच माणसं. पोर्तो रिकोच्या आजी स्पॅनिशमध्ये बोलल्या, आमचे अध्यक्ष काका तयारी करून आलेलं इंग्रजी भाषण बाजूला ठेवून दोन मिनिटं साधं बोलले. पुढे शहराच्या वार्षिक आराखड्याच्या मसुद्यात त्या सुनावणीतल्या मुद्द्यांची नोंद छापून आली, त्यात 'ज्येष्ठांच्या केंद्रात प्रवेशाची अडचण' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. अर्ज किती चांगला लिहिला यापेक्षा मला या नोंदीचं मोल जास्त वाटतं. शहराचा पंचवार्षिक आराखडाही असतो, आणि प्रत्येक काम त्यातल्या कुठल्यातरी प्राधान्यात बसावं लागतं. तो रटाळ आहे, पण वाचा. आमच्या अर्जातलं पहिलं वाक्य मी त्या आराखड्यातल्या प्राधान्याच्या शब्दांतच लिहिलं होतं.

फेब्रुवारीत नागरिकांच्या समितीपुढे दहा मिनिटं मिळाली. प्रश्न अगदी व्यवहारी होते. देखभाल कोण करणार? खर्च वाढला तर? केंद्र सगळ्यांना खुलं आहे का, की एकाच समाजाचं? शेवटच्या प्रश्नावर आम्ही हजेरीपट दाखवला. मराठी मंडळींनी सुरू केलेल्या संस्थांना हा प्रश्न येणारच, आणि यायलाही हवा. पैसा सगळ्यांचा आहे. देवळाच्या जागेत उपक्रम चालवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जिथे पूजाअर्चा होते त्या भागाच्या बांधकामाला हा पैसा वापरता येत नाही.

मार्चमध्ये समितीची शिफारस आली. मागितले होते १ लाख ५ हजार, सुचवले ९० हजार. आनंद झाला, पण ती शिफारसच होती, कारण शहराला स्वतःचा आकडा माहीत नव्हता. त्या वर्षी फेडरल अर्थसंकल्प रखडला होता. हडच्या तरतुदीच्या विधेयकावर ९ मार्च २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि शहरनिहाय आकडे आले मे महिन्यात. मग वार्षिक कृती आराखड्याचा मसुदा, त्यावर नागरिकांच्या मतांसाठी तीस दिवस, दुसरी सुनावणी, नगरपरिषदेचा ठराव. जुलैत आराखडा हडकडे गेला, तिथे तपासणीसाठी पंचेचाळीस दिवस. या महिन्यांत आमच्या हातात काहीच नव्हतं. केंद्रात रोज कुणीतरी विचारायचं, "काय गं, आले का पैसे?" आणि मी रोज नाही म्हणायची. कार्यकारिणीतल्या एकदोघांना वाटायला लागलं की मी काहीतरी लपवतेय. मग मी भिंतीवर टप्प्यांचा एक कागदच लावला आणि आपण कुठे आहोत तिथे टाचणी लावत गेले. प्रश्न थांबले.

सप्टेंबरमध्ये शहराला हडची मंजुरी मिळाली. आम्हाला वाटलं, आता सुरू करू. तर नाही, पर्यावरण आढावा बाकी होता. तो पूर्ण होऊन लेखी परवानगी मिळेपर्यंत बांधकामाचा करार करायचा नाही, खोदायचं नाही, संस्थेच्या स्वतःच्या पैशानेसुद्धा कामाला हात लावायचा नाही. हा नियम फार कडक आहे आणि तो मोडला तर ग्रँट जाऊ शकते. नेमकं ऑक्टोबरमध्ये एका सभासदाच्या जावयाने, जो स्वतः सुतारकाम करतो, दोन शनिवार-रविवारात लाकडी रॅम्प फुकट बांधून द्यायची तयारी दाखवली. लाकूडही आणणार होता. काकांना त्याला नाही म्हणावं लागलं. त्यांच्या जिवावर आलं होतं ते.

एवढ्याशा कामाला पर्यावरण कशाला, असं मलाही वाटलं होतं. आढाव्याची यादी पाहिल्यावर थोडं समजलं. इमारत पूरक्षेत्रात आहे का, जमिनीत जुनं प्रदूषण आहे का, जवळ पाणथळ जागा आहे का, इमारत ऐतिहासिक आहे का. पन्नास वर्षांहून जुनी असल्याने आमची फाइल राज्याच्या ऐतिहासिक वास्तू जतन कार्यालयाकडे गेली, जे न्यू जर्सीत पर्यावरण खात्याच्या अखत्यारीत आहे. त्यांना उत्तराला तीस दिवस. वृद्ध आणि अपंगांसाठीचे अडथळे काढण्याची कामं तुलनेने सोप्या वर्गात बसतात, आणि आमच्या यादीत कुठेच काही निघालं नाही, त्यामुळे जाहीर नोटीस आणि हडकडून पैसे खुले करून घेण्याचा पुढचा टप्पा वाचला. याच दरम्यान अॅस्बेस्टॉसची तपासणी करून घेतली. स्वच्छतागृहाच्या फरशीखालच्या जुन्या टाइल्समध्ये ते सापडलं. ते काढण्याचा खर्च, सुमारे ७,४०० डॉलर, निविदेतच धरला. काम सुरू झाल्यावर सापडलं असतं तर सगळं थांबलं असतं.

शहराबरोबरच्या ग्रँटच्या करारावर डिसेंबरमध्ये सह्या झाल्या. तीस-पस्तीस पानं, बरीचशी फेडरल कलमं. आम्ही वकिलाकडून वाचून घेतला. दोन गोष्टी नीट पाहा. एक, २५ हजारांहून जास्त रक्कम इमारतीत गेली की करार संपल्यानंतर पाच वर्षं ती जागा त्याच कामासाठी वापरावी लागते. विकली किंवा वापर बदलला तर ग्रँटच्या प्रमाणात पैसे परत करावे लागतात. दोन, पैसे आगाऊ मिळत नाहीत. आधी तुम्ही बिल भरा, मग पुरावे देऊन परत मागा. लहान संस्थेचा जीव यात जातो. आम्ही सह्यांच्या आधीच विचारलं, आणि शेवटचं मोठं बिल शहर थेट कंत्राटदाराला देईल असं कलम घालून घेतलं. विचारल्याशिवाय हे कुणी सुचवत नाही.

२७ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने देशभरातल्या फेडरल ग्रँट थांबवण्याचा आदेश काढल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली, तिसऱ्या दिवशी तो आदेश मागे घेतला गेला. त्या तीन दिवसांत आमची निविदेची जाहिरात छापायला जायची होती. शहरातल्या बाईंनी एवढंच लिहिलं, "करार झालेला आहे, नवीन खर्च करू नका, मी कळवते." फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी पुढे जायला सांगितलं. मी त्या काळात केंद्रात कुणाला काही बोलले नाही, पण घरी मात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मार्चमध्ये निविदा उघडल्या. दोन हजार डॉलरवरच्या बांधकामाला डेव्हिस-बेकन कायदा लागतो, १९३१ सालचा. परिसरात प्रचलित असलेली मजुरी सरकार कामानुसार जाहीर करतं आणि कंत्राटदाराने तेवढी द्यावीच लागते, शिवाय दर आठवड्याला प्रमाणित पगारपत्रक भरावं लागतं. 'एवढ्या कामाला एवढे कागद नकोत' म्हणून ओळखीच्या दोन छोट्या कंत्राटदारांनी निविदाच भरली नाही. सगळ्यात कमी आकडा आला १ लाख ३४ हजार ५०० डॉलर. निविदेत स्वयंपाकघरातला कमी उंचीचा ओटा वेगळी पर्यायी बाब म्हणून टाकला होता. तो वगळल्यावर १ लाख २२ हजार ८०० झाले. काही बाबी अशा सुट्या ठेवायचा सल्ला आर्किटेक्टने दिला होता, त्यामुळे निविदा पुन्हा काढावी लागली नाही. ग्रँटच्या वरचे ३२ हजार ८०० आम्ही गोळा केले. त्यातला मोठा भाग गुढीपाडव्याच्या जेवणावळीतून आणि पोलिश चर्चमधल्या मंडळींच्या केकविक्रीतून आला.

मे महिन्यात काम सुरू झालं. साइटवर फळी उभी करून तिच्यावर मजुरीच्या दरांचा तक्ता लावावा लागतो, कुणालाही वाचता येईल असा. ग्रँट विभागातल्या बाई अधूनमधून येऊन एकेका कामगाराला बाजूला घेऊन विचारायच्या: आज काय काम केलं, ताशी किती मिळतात, किती तास भरले. कंत्राटदार त्या वेळी जवळ थांबू शकत नाही. उत्तरं मग पगारपत्रकाशी ताडून बघायची. जूनमध्ये एक तरुण मुलगा दाराच्या चौकटी बसवताना त्यांना दिसला. पत्रकात तो साधा मजूर म्हणून होता. सुताराचा दर वेगळा, बराच जास्त. फरकाची रक्कम त्याला चेकने दिल्याचा पुरावा आणि दुरुस्त पत्रक येईपर्यंत आमचं बिल अडवलं गेलं. कंत्राटदार माझ्यावर चिडला. पण त्या मुलाच्या हातात चेक आला तेव्हा तो त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिला, आणि हे सगळे कागद कशासाठी आहेत याबद्दल माझ्या मनात पुन्हा शंका आली नाही.

पहिलं बिल होतं ४६ हजार २०० डॉलर. बँकेत तेवढे नव्हते. काही कुटुंबांनी संस्थेला बिनव्याजी उसने दिले, प्रत्येकाचा कागद केला, कार्यकारिणीचा ठराव केला. बिलाबरोबर कंत्राटदाराचं इनव्हॉइस, आर्किटेक्टची सही, पगारपत्रकं, फोटो आणि वटलेल्या चेकची प्रत असा गठ्ठा शहराला दिला. पैसे परत यायला सात आठवडे लागले. दर बिलातून दहा टक्के राखून ठेवायचे होते, ते काम पूर्ण झाल्यावर दिले. उसनवारी ऑगस्टअखेर फिटली. तुमच्याकडे पहिल्या बिलाएवढी सोय नसेल तर कामाला हात घालण्याआधी बँकेशी किंवा सभासदांशी बोलून ठेवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये शहराच्या इमारत निरीक्षकांनी टेप लावून प्रत्येक माप घेतलं. स्वच्छतागृहातले आधाराचे दांडे ३३ ते ३६ इंच उंचीच्या मध्ये हवेत. आमचा एक अर्धा इंच वर निघाला, तो त्याच दुपारी उतरवून पुन्हा बसवला. दाखला मिळाला. मावशी आता आठवड्यातून तीनदा येतात आणि चहा दोन कप घेतात.

आमचं काम संपलं तरी फाइल संपलेली नाही. पाच वर्षं दरवर्षी किती ज्येष्ठांनी जागा वापरली हे शहराला कळवायचंय, म्हणून हजेरीपट कपाटात कुलपात ठेवतो. आणि हा पैसा दरवर्षी नव्याने मंजूर व्हावा लागतो. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात या ग्रँटसाठी शून्य रक्कम सुचवलेली होती; स्वस्त घरांसाठीच्या होम या ग्रँटसाठीही शून्य. असे प्रस्ताव आधीही आले होते आणि तेव्हा काँग्रेसने पैसे दिले होते. शेवटचा शब्द काँग्रेसचाच असतो. त्यामुळे आपल्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला, या पैशातून गावात नेमकं काय उभं राहिलं ते फोटोसकट लिहून पाठवा. आम्ही रॅम्पचा फोटो पाठवला, खाली खर्चाचा तक्ता जोडून.

ज्यांचं गाव लहान आहे त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. थेट वाटा मिळतो तो महानगर क्षेत्रातल्या मुख्य शहरांना, पन्नास हजारांवर वस्तीच्या शहरांना आणि दोन लाखांवरच्या काउंटींना. तुमचं गाव यात नसेल तर आधी काउंटीच्या कार्यालयात विचारा, तिथे नसेल तर राज्याकडे. न्यू जर्सीत छोट्या गावांचा हा कार्यक्रम राज्याचं कम्युनिटी अफेअर्स खातं चालवतं, आणि तिथे अर्ज गावाच्या किंवा काउंटीच्या नावाने जातो, संस्थेच्या नाही. म्हणजे आधी तुमच्या महापौरांना पटवावं लागेल. त्यासाठी हिवाळ्यातल्या सुनावणीची वाट बघू नका, उन्हाळ्यातच वेळ मागून भेटा, आणि जाताना दाराच्या रुंदीचं माप लिहिलेला फोटो बरोबर न्या.